फाइफमध्ये गोल्फ: ओल्ड कोर्सची सोडत आणि तिच्याभोवती आखलेले सहा दिवस

फाइफची सहल बिघडते ती बहुतेक वेळा तारखा ठरवतानाच. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचायचं, शनिवार-रविवार खेळायचं, सोमवारी निघायचं, असा बेत आखला की सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स जवळजवळ हातचा गेलाच म्हणून समजा. रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. ब्रिटिश ओपनसारखी मोठी स्पर्धा असेल तरच रविवारी तिथे खेळ होतो, एरवी तो दिवस गावकऱ्यांचा आणि त्यांच्या कुत्र्यांचा. म्हणून शनिवारी पोहोचा आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी निघा. सहा रात्री मिळतात, ओल्ड कोर्सच्या सोडतीत चार-पाचदा नाव टाकता येतं, आणि मधल्या वेळात किनाऱ्यावरचे इतर कोर्स नीट खेळून होतात.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर फोर्थ आणि टे या दोन खाड्यांच्या मध्ये फाइफ आहे. एडिंबरा विमानतळापासून सेंट अँड्र्यूज साधारण ८० किलोमीटर, गाडीने सव्वा तास. रेल्वेने यायचं तर ल्यूकर्स स्थानकावर उतरून ९९ नंबरची बस धरायची. किटबॅग घेऊन दोघंतिघं असाल तर भाड्याची गाडी बरी, कारण एकेक कोर्स दहा-वीस किलोमीटरवर आहे. चारजण आणि चार बॅगा असतील तर गाडी नेहमीपेक्षा एक आकार मोठी घ्या. चार गोल्फ बॅगा साध्या गाडीच्या डिकीत मावत नाहीत.

सोडत कशी लागते

ओल्ड कोर्स कुठल्या क्लबच्या मालकीचा नाही. गावाचे सातही कोर्स १९७४ साली कायद्याने स्थापन झालेली सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट चालवते, आणि ते सगळ्यांसाठी खुले आहेत. ओल्ड कोर्सच्या वेळा वर्षभर आधी अर्ज करून किंवा अधिकृत टूर कंपनीकडून पॅकेज घेऊनही मिळतात. पॅकेजमध्ये वेळ पक्की असते आणि तिची किंमत सणसणीत असते. बाकीच्यांसाठी रोजची सोडत आहे. तिथे सगळे ‘बॅलट’च म्हणतात.

ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी, दुपारी २ च्या आत नाव द्यायचं. सोमवारसाठी शनिवारी, मंगळवारसाठी रविवारी, असं. शुक्रवारी सोडत नसते, कारण दोन दिवसांनी रविवार येतो. अर्ज ऑनलाइन होतो, त्यामुळे शनिवारी तुम्ही प्रवासात असलात तरी सोमवारचं नाव टाकता येतं. ही संधी पुष्कळजण निष्कारण वाया घालवतात. अर्जात किमान दोन आणि जास्तीत जास्त चार खेळाडू लागतात, प्रत्येकाचं नाव, क्लब आणि हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला) भरायचं. निकाल त्याच दिवशी दुपारनंतर लागतो. वेळ ते देतील ती. सकाळी साडेसहाची आली तरी घ्या.

हँडिकॅप ३६ पर्यंत चालतं, पण पुरावा लागतो. अ‍ॅपमधला चालू हँडिकॅप इंडेक्स किंवा क्लबचं पत्र मोबाइलवर आणि कागदावर, दोन्ही ठेवा. पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागेवर, स्टार्टरने (गट सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने) विचारलं आणि मोबाइलला रेंज नसली तर उगाच घामाघूम व्हायला होतं.

एकटे असाल तर वाट वेगळी. पूर्वी लोक पहाटेच्या अंधारात रांग लावायचे. २०२४ पासून एकट्या खेळाडूंसाठी वेगळी सोडत आहे. खेळायच्या आदल्या दिवशी सेंट अँड्र्यूजला प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवायचं आणि संध्याकाळी निरोपाची वाट बघायची. दोन-तीन जणांच्या गटात जागा उरली असेल तिथे तुम्हाला बसवतात. चौघांचा गट रोज हुकत असेल तर शेवटच्या दोन दिवसांत गट मोडून एकेकट्याने नाव देणं शहाणपणाचं. एकत्र खेळायला मिळणार नाही, पण खेळायला मिळण्याची शक्यता वाढते.

भरमोसमात, म्हणजे साधारण एप्रिल मध्य ते ऑक्टोबर मध्य, ओल्ड कोर्सचं शुल्क ३०० पाउंडांच्या वर जातं. हिवाळ्यात बरंच उतरतं, पण नोव्हेंबर ते मार्च फेअरवेवर, म्हणजे होलच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो. गवत वाचवण्यासाठी ते योग्यच आहे, फक्त पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यात ओल्ड कोर्स अर्धाच कळतो. माझं मत एप्रिलचा शेवट किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, दिवसाला ३६ होल आरामात होतात, पण गर्दीही तेव्हाच. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा ओल्ड कोर्स, किंग्जबार्न्स आणि कार्नुस्टी या तिन्ही ठिकाणी चालते, तो आठवडा टाळा. २०२७ च्या जुलैत ओपन पुन्हा सेंट अँड्र्यूजला येत आहे. त्या उन्हाळ्याचे बेत आखताना ट्रस्टचं वेळापत्रक आधी पाहा, मग तिकिटं काढा.

रविवारचा दिवस सोन्यासारखा वापरा

महागडं आणि रद्द न होणारं बुकिंग रविवारी टाका. त्या दिवशी ओल्ड कोर्सशी टक्कर होण्याचा प्रश्नच नसतो. किंग्जबार्न्स हा त्यासाठी सर्वांत योग्य. सेंट अँड्र्यूजहून क्रेलकडे जाणाऱ्या ए९१७ रस्त्यावर दहा-अकरा किलोमीटरवर तो लागतो. कोर्स २००० साली उघडला, आखणी काइल फिलिप्सची. शेतजमिनीवर बुलडोझर चालवून वाळूच्या टेकड्या उभ्या केल्या आहेत, तरी बघणाऱ्याला त्या शतकानुशतकं तिथेच असाव्यात असं वाटतं. जवळजवळ प्रत्येक होलवरून समुद्र दिसतो. बारावा पार ५ (पार म्हणजे त्या होलसाठी ठरलेले फटके) किनाऱ्याला वळसा घालत डावीकडे जातो, पंधरावा पार ३ खडकांवरून मारायचा. शुल्क भरमोसमात ४०० पाउंडांच्या पुढे, आणि हिवाळ्यात कोर्स बंद. फेअरवे दिसतात त्यापेक्षा रुंद आहेत, त्यामुळे टीवर घाबरू नका. फटके वाया जातात ते ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवतावर. चेंडू ग्रीनच्या चुकीच्या भागात राहिला तर तीन पट (चेंडू घरंगळत भोकाकडे नेणारे फटके) ठरलेलेच.

किंग्जबार्न्स सकाळी उरका आणि संध्याकाळी सेंट अँड्र्यूजला परत येऊन ओल्ड कोर्स चालून या. रविवारी तो बागेसारखा उघडा असतो, कुणालाही फिरता येतं. अठराव्यापासून उलट्या दिशेने चालत निघा. सतराव्याच्या रोड बंकरच्या (बंकर म्हणजे वाळूचा खड्डा) काठावर उभं राहून आत बघा, मग मागचा रस्ता आणि दगडी भिंत बघा. चौदाव्यावरच्या हेल बंकरची भिंत माणसाच्या डोक्यावर जाते. बाराव्या टीवर या, तिथून समोर बंकर एकही दिसत नाही. आता शंभर-दीडशे यार्ड पुढे जाऊन मागे वळा, फेअरवेच्या ऐन मध्यावर ते ओळीने दिसतील. पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनेही खेळला जायचा. हे बंकर त्या दिशेने येणाऱ्याला दिसावेत असे आहेत. दीड तासाची ही चाल यार्डेज पुस्तकापेक्षा जास्त शिकवते. ग्रीनवर मात्र पाय ठेवू नका.

ओल्ड कोर्सवर खेळताना

पार ७२, अठरा होल आणि ११२ बंकर. सात ग्रीन जोडीची आहेत, म्हणजे एकाच ग्रीनवर दोन होल. जोडीच्या नंबरांची बेरीज नेहमी १८ येते: दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा, सातवा आणि अकरावा. जाताना झेंडे पांढरे, येताना लाल, अठराव्यावर पुन्हा पांढरा. मारण्याआधी झेंड्याचा रंग बघा. पाचव्यावरून तेराव्याच्या झेंड्याकडे नेम धरला तर पट ७०-८० यार्डांचा होतो.

कोर्स घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे जाताना आणि येतानाही उजवी बाजू बाहेरची. तिथे गॉर्सची काटेरी झुडपं, कुंपण किंवा हद्द. डावीकडे शेजारच्या होलचा फेअरवे असतो. शंका आली की डावीकडे मारा. डावीकडून ग्रीनकडे जाण्याचा कोन अवघड होतो हे खरं, पण पेनल्टी बसत नाही. चेंडू गॉर्समध्ये गेल्यासारखा वाटला तर प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव, चेंडू मारूनच पुढे जा. शोधायला नियमाने तीनच मिनिटं आहेत, आणि काट्यांत सापडलेला चेंडू बहुधा अनप्लेएबलच, म्हणजे मारता न येण्याजोगाच, असतो.

पहिल्या होलचा फेअरवे अठराव्याला जोडलेला, डोळे मिटून मारला तरी सापडेल इतका रुंद. धोका पुढे आहे: ग्रीनला खेटून वाहणारा स्विल्कन ओढा. दुसऱ्या फटक्याला वाटतं त्यापेक्षा एक क्लब मोठा घ्या. ग्रीनच्या मागे गेलेला चेंडू दोन पटांत आटोपतो, ओढ्यातला पेनल्टी घेऊनच येतो. पहिल्या आणि अठराव्याच्या फेअरवेमधून ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाची वाट आडवी जाते आणि लोक तिच्यावरून समुद्राकडे चालत असतात. रस्ता मोकळा होईपर्यंत थांबा, स्टार्टर सांगेल.

सातव्या आणि अकराव्याच्या वाटा एकमेकींना छेदतात, तिथे दोन्हीकडे नजर ठेवा. अकरावा पार ३ अंतराने छोटा, तरी कोर्सवरचा सर्वांत फसवा. ग्रीन मागून पुढे जोरात उतरतं, उजवीकडे स्ट्रॅथ बंकर, डावीकडे हिल बंकर. मागे गेलात तर चिप उतारावर थांबत नाही. वारा समोरून असेल तर ग्रीनच्या अलीकडे, दोन बंकरांच्या मधल्या गवतावर चेंडू ठेवा आणि तिथून पटरने (पट मारायच्या काठीने) वर चढवा. चार आले तर खूश राहा.

चौदावा पार ५. उजवीकडे हद्दीची भिंत, डावीकडे बिअर्डीज नावाचे बंकर, मध्ये एलिसियन फील्ड्स हा सपाट पट्टा. ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) तिथे पडला तर दुसरा फटका हेल बंकरच्या डावीकडून पाचव्याच्या फेअरवेवर मारा. हेल बंकर ओलांडायचा मोह फक्त लांब मारणाऱ्यांनी आणि वारा पाठीशी असतानाच धरावा.

सतरावा, रोड होल. टीवरून हॉटेलच्या हिरव्या शेडवरून मारायचं, शेडवर हॉटेलचं नाव मोठ्या अक्षरांत आहे. कॅडी (बॅग उचलून सल्ला देणारा सोबती) त्यातलंच एखादं अक्षर दाखवून म्हणेल, ‘इथून.’ लांब मारणारे उजवी अक्षरं धरतात, मध्यम हँडिकॅपवाल्यांनी डावी धरावीत, कारण उजवीकडे हॉटेलची हद्द आहे. दुसरा फटका ग्रीनवर नेण्याचा हट्ट सोडा. ग्रीन अरुंद आणि तिरकं आहे, डाव्या कुशीत रोड बंकर, मागे डांबरी रस्ता. रस्ता हा कोर्सचाच भाग आहे, त्यावरून चेंडू आहे तसाच मारावा लागतो, पेनल्टीशिवाय चेंडू उचलून दुसरीकडे टाकता येत नाही (फुकट ड्रॉप नाही). ग्रीनच्या समोर उजवीकडे १०-२० यार्ड अलीकडे चेंडू ठेवा आणि झेंडा बंकरच्या मागे असला तर त्याच्याकडे नेम धरू नका. पाच फटक्यांत सुटलात तर छान.

अठराव्यावर आर अँड ए क्लबहाउसच्या घड्याळाचा नेम धरतात. स्विल्कन ओढ्यावरच्या पुलावर फोटो काढा, पण पटकन, मागचा गट टीवर उभा असतो. ग्रीनसमोरचा व्हॅली ऑफ सिन हा खोलगट भाग आखूड चेंडू मागे खेचून घेतो. म्हणून एक तर पूर्ण ओलांडा, नाहीतर सरळ पटरने त्यातून वर काढा. वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने) उचलून मारायला गेलेल्यांचे इथे हाल होतात.

पहिल्यांदाच खेळत असाल तर कॅडी घ्या. आंधळे फटके इतके आहेत की तो वाचवेल तेवढ्या फटक्यांत त्याचे पैसे वसूल होतात. बक्षिशी रोख द्यायची असते. वैद्यकीय कारणाशिवाय बग्गी मिळत नाही, फेरी चार तासांच्या आत संपवणं अपेक्षित असतं.

वारा, बंकर आणि पटर

लिंक्सची, म्हणजे समुद्रकाठच्या गोल्फ कोर्सची, जमीन वाळूची आणि टणक, चेंडू पडल्यावर वीस-तीस यार्ड घरंगळतो. ग्रीनवर टाकायचा विचार सोडा, ग्रीनच्या अलीकडे टाकून आत जाऊ द्या. वाऱ्यासमोर ठोकताळा असा: ताशी १६ किलोमीटर वाऱ्यामागे एक क्लब जास्त. चेंडू स्टान्समध्ये जरा मागे, पकड इंचभर खाली, आणि स्विंग सावकाश. जोर लावला की फिरकी वाढते, चेंडू वर चढतो आणि वारा त्याला परत पाठवतो. कमी जोर का लावायचा, ते यावरून समजेल.

बंकरांच्या भिंती मातीच्या गवती थरांनी रचलेल्या, जवळजवळ उभ्या असतात. चेंडू भिंतीजवळ अडकला असेल तर आडवा किंवा मागे मारून बाहेर काढा. पुढे काढायचा दुसरा प्रयत्न कधीच करू नका. तोही साधणार नसेल तर २०१९ पासूनच्या नियमाने दोन फटक्यांची पेनल्टी घेऊन बंकरच्या बाहेर, झेंड्याच्या सरळ रेषेत मागे ड्रॉप घेता येतो. आठ-नऊच्या जागी सहा-सात लिहिलं जातं.

वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पूर्वेचा वारा समुद्रावरून धुकं आणतो, स्थानिक लोक त्याला ‘हार’ म्हणतात. पन्नास यार्डांवरचं दिसेनासं होतं. ते दुपारपर्यंत बऱ्याचदा विरतं, त्यामुळे बुकिंग सोडून निघून जाऊ नका. पावसाळी कपड्यांचा पूर्ण जोड, पावसात पकड देणाऱ्या हातमोज्यांची जोडी आणि बुटांचे दोन जोड, एवढं हवंच. एक जोड वाळत असताना दुसरा पायात.

सोडत लागली नाही त्या दिवशी

ट्रस्टचेच आणखी सहा कोर्स उरतात. न्यू कोर्सला नाव नवीन, वय १८९५ चं, आखणी ओल्ड टॉम मॉरिसची. खाणाखुणा स्पष्ट, त्यामुळे पाहुण्याला ओल्डपेक्षा लवकर समजतो. पुष्कळ गावकरी रोजच्या खेळासाठी हाच पसंत करतात, आणि त्यांचं चुकत नाही. ज्युबिली सर्वांत कठीण, फेअरवे अरुंद, समुद्राकडचा वारा थेट अंगावर, एक आकडी हँडिकॅपवाल्यांनी घ्यावा. इडन १९१४ चा, हॅरी कोल्टचा, ग्रीन फार देखणी. हँडिकॅप पंचवीसच्या वर असेल तर स्ट्रॅथटायरम, बंकर मोजके आणि अंतरं कमी. बाल्गोव नऊ होलचा, मुलांना आणि नवशिक्यांना. २००८ चा कासल कोर्स गावाबाहेर कड्यावर आहे, दृश्य अफाट, पण ग्रीनचे चढउतार इतके की थकलेल्या दुपारी तो नकोच.

ओल्ड कोर्सशेजारीच ‘हिमालयाज’ हे पटिंग ग्रीन आहे. १८६७ साली स्थापन झालेल्या महिलांच्या पटिंग क्लबचं, आणि पाहुण्यांना थोड्या पाउंडांत खेळता येतं. टेकड्यांवरून पंधरा-वीस यार्डांचे पट मारून बघा. दुसऱ्या दिवशी जोडीच्या ग्रीनवर त्याचा फायदा दिसतो.

दुपारच्या फेऱ्यांसाठी किनाऱ्यावरचे जुने क्लब आहेत, आणि फाइफची खरी मजा माझ्या लेखी तिथेच आहे. क्रेलचा क्लब १७८६ चा. त्याचा बाल्कोमी कोर्स सहा हजार यार्डांच्या आत, पार ६९, आणि पाचव्या होलवर, हेल्स होलवर, खाडीचा कोपरा किती कापायचा हे टीवर ठरवायचं असतं. पहिल्यांदा खेळणाऱ्याने कमीच कापावा, कारण खाली खडक आहेत. शेजारचा क्रेगहेड गिल हान्सचा, लांब आणि वाऱ्याला उघडा. दोन्ही एका दिवसात होतात, मधे क्लबहाउसमध्ये जेवण.

इलीला सोळा पार ४ आणि दोन पार ३, एकही पार ५ नाही. पहिला फटका टेकडीवरून आंधळा असतो, म्हणून स्टार्टरच्या खोलीत एचएमएस एक्सकॅलिबर या पाणबुडीचा पेरिस्कोप बसवला आहे. पुढचा गट लांब गेला हे त्यातून बघूनच तो तुम्हाला सोडतो. मागितलंत तर तुम्हालाही बघू देतात. उत्तरार्धात दहाव्यापासून तेराव्यापर्यंत समुद्राकाठची ओळ आहे, तिच्यासाठी फटके आणि दम राखून ठेवा.

लंडिन आणि लेव्हन ही एकेकाळी एकच लिंक्स. १९०९ मध्ये वाटणी झाली, दगडी बांध अजून मधे उभा आहे. लेव्हनच्या अठराव्यावर ग्रीनसमोर स्कूनी ओढा येतो, तिथे मोठा क्लब किंवा सरळ आखूड, अधलंमधलं नको. २०२४ पासून लेव्हनपर्यंत रेल्वे पुन्हा सुरू झाली आहे, त्यामुळे गाडी नसणाऱ्यांनाही हे दोन्ही कोर्स सोपे झाले. जवळच डम्बार्नी, २०२० चा, रुंद आणि नवा, आटोपशीर धावणाऱ्या फटक्यांना भरपूर जागा देणारा.

वारा अगदीच सोसवेना झाला तर किनारा सोडून लेडीबँकला जा. हीथ आणि पाइनच्या झाडांमधला कोर्स, वारा निम्मा लागतो. आणि संध्याकाळचे दोन तास उरले तर अँस्ट्रदरचे नऊ होल. त्यातला पाचवा, द रॉकीज, पार ३ असूनही भल्याभल्यांचे पाच काढतो.

कार्नुस्टीसाठी गुरुवार राखून ठेवा, त्या दिवसाच्या सोडतीत नाव देऊ नका. टे पुलावरून डंडीमार्गे पाऊण तास. वेळ काही महिने आधी मिळते. शेवटचे तीन होल इथले सर्वांत निर्दय: सोळावा लांबलचक पार ३, आणि सतराव्या-अठराव्यावर बॅरी बर्न ओढा फिरून फिरून आडवा येतो. १९९९ च्या ओपनमध्ये याच अठराव्यावर जाँ व्हान द व्हेल्डे तीन फटक्यांची आघाडी घालवून बसला. तुमचा ड्राइव्ह रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, असेल तर वेजने फेअरवेवर या, ओढ्याच्या अलीकडे थांबा, आणि तिसऱ्या फटक्याला ग्रीन गाठा. शुक्रवारी ओल्ड कोर्सची वेळ लागली असेल तर कार्नुस्टीत सकाळचीच वेळ घ्या आणि रात्री लवकर झोपा.